अर्धा यार्ड अलीकडे

शनिवार, १५ नोव्हेंबर

कर्टिसच्या गाडीत मागच्या सीटवर बसून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येणार. कर्टिस टॉलिव्हर आमच्या सात पंचांच्या चमूचा म्होरक्या, आणि त्याचा एक नियम आहे. सामना संपला की घरी पोचायच्या आत ज्याने त्याने वहीत दोन गोष्टी लिहायच्या: निकाल काय दिला, आणि पाहिलं काय. एकतीस मोसमांत माझ्या अशा चौदा वह्या भरल्या. आर्डिस म्हणते, आपल्या लग्नाबद्दल तू एवढं कधी लिहिलं नाहीस.

आज अमेरिकन फुटबॉल, हाल्वर्सन कॉलेज विरुद्ध क्रोल. मोसमातला शेवटचा सामना, जिंकेल तो बाद फेरीत. सहा हजार माणसं आणि हाडं गोठवणारा वारा. क्रोल २४, हाल्वर्सन २०. सहा सेकंद उरलेले, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, हाल्वर्सनची शेवटची संधी. मी लाइन जज, म्हणजे गोलरेषेच्या टोकाशी उभा राहून ती रेषा डोळ्यांत तेल घालून राखणारा. चेंडूचं नुसतं टोक रेषेवर आलं तरी टचडाउन, सहा गुण आणि सामना हाल्वर्सनचा. त्याआधी धावणाऱ्याचा गुडघा टेकला तर खेळ खलास. आमच्या या लहान कॉलेजांच्या लीगमध्ये पडद्यावर पुन्हा बघून ठरवायची सोय नाही. मी म्हणेन ते खरं.

धावणारा होता टोबिन ब्रेक्के, बावीस नंबर. माझ्या डाव्या बाजूने आला, खाली वाकून, आणि दोन्हीकडची पोरं त्याच्यावर कोसळली.

निकाल: अर्धा यार्ड अलीकडे. टचडाउन नाही.

काय पाहिलं:

हे नंतर लिहितो. गाडी फार हलते आहे.

टोबिन उठला नाही. मानेला लागलं होतं. डॉक्टर आले, फळी आली, पट्टे आले, रुग्णवाहिका थेट मैदानात आली. घड्याळात अजून दोन सेकंद होते. चेंडू जिथे थांबला तिथे लाइन जजने पाऊल रोवायचं आणि रेफरी मोकळं करेपर्यंत ते हलवायचं नाही, ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण. मी अकरा मिनिटं उजवं पाऊल तिथे ठेवून उभा होतो. पोरगा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी गुणफलकाकडे बघत राहिलो.

बाहेर पडताना ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी माझ्यावर गरम कोको फेकला. मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी मला डावीकडच्या खांबावर ढकललं, खांदा चांगलाच ठेचला. कर्टिस म्हणतो तिथे कुणीच नव्हतं. त्याचंही वय झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

चर्चमध्ये सगळे फार प्रेमाने वागले. म्हणजे कुणीही बोललं नाही.

हाल्वर्सन इथून अठ्ठावीस मैलांवर आहे आणि मी पोस्टमन, माझा टपाल वाटायचा रस्ता त्याच्या तीन मैल अलीकडे संपतो. सामना लावला तेव्हाच मी पंचांच्या मुख्य निरीक्षकाला, गॅरिटीला, म्हटलं होतं, मला तिथे नको पाठवू, घराच्या अंगणात पंचगिरी बरी नव्हे. तो म्हणाला, माणसं नाहीत रे बाबा, उभा राहा. उभा राहिलो.

त्या क्षणाचे व्हिडिओ फोनवर फिरताहेत. आर्डिसने आठ पाहिले. एकाही ठिकाणी चेंडू दिसत नाही, नुसती पोरांची पाठ आणि ढुंगणं. आर्डिस म्हणाली, "मग तुलाच दिसलं असणार. तू तर रेषेवरच होतास."

"त्यासाठीच उभं करतात," मी म्हणालो.

तिने माझी कॉफी कधी आणून ठेवली ते कळलं नाही. डाव्या कोपराशी होती. हात लागून सगळी टेबलक्लॉथवर गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आजपासून माझा उद्धार सुरू. घरांच्या गेटाशी लावलेल्या चारशे बारा टपालपेट्यांचा माझा रस्ता. आज नऊ पेट्यांत जुने चष्मे होते, एकीत बहिर्गोल भिंग, आणि एकीत पांढरा रंगवलेला झाडूचा दांडा. भिंगाला चिठ्ठी होती: 'गोलरेषा शोधायला.' टर्कीवाला हाउगेन गेटपाशीच उभा होता.

"लायल, आमची पेटी दिसतेय ना? की पत्रं अर्धा यार्ड अलीकडेच टाकणार?"

"तुझं वीजबिल आहे, तेवढं नक्की दिसतंय," मी म्हणालो.

हसून पुढे निघालो. ऑफिसातला सकाळचा प्रकार मात्र मला मुळीच आवडला नाही. सकाळी पत्रं लावायची माझी कप्प्यांची फळी आहे. माझं लावून झालं आणि पोस्टमास्तर बोनिटा स्कार येऊन म्हणते, "खालच्या डाव्या कोपऱ्यातले सहा कप्पे रिकामे का? त्या सहा घरांचे फोन आलेत. गेल्या आठवड्यातही आले होते." मी लावली होती. शेजारच्या फळीवर ड्वेन काम करतो, त्याचा पुतण्या हाल्वर्सनमध्ये आहे. थट्टा करावी, पण टपालाशी करू नये. ड्वेनला तसं सुनावलं. त्याने असा चेहरा केला की जणू मीच वेडा.

टोबिन ब्रेक्केची बातमी: मानेचं हाड तडकलंय, पण हातपाय हलताहेत. डोक्याभोवती लोखंडी कडं बसवलंय. चालेल-फिरेल. फुटबॉल मात्र संपला.

त्याच्या बापाची, ऑरिन ब्रेक्केची पेटी माझ्याच रस्त्यावर आहे. तीनशे चाळीस नंबर. तिच्यात चष्मा नव्हता. काहीच नव्हतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गॅरिटीचा फोन. दर आठवड्याला तो चित्रफिती बघून आमच्या प्रत्येक निकालाला शेरा देतो.

"तुझा निकाल खोडून काढेल असं एकही चित्र नाही. 'योग्य' असा शेरा दिलाय. आणि तुझी ती हातांची खूण, लायल, काय ठाम होती. नव्या पोरांना दाखवणार आहे मी ती."

मग म्हणाला, सहा डिसेंबरला ओहायोत उपांत्यपूर्व सामना आहे, लाइन जज म्हणून तुझं नाव पाठवलंय. एकतीस वर्षं या एका फोनची वाट पाहिली. आर्डिसने केक केला. मी दोन तुकडे खाल्ले आणि मग मोरीत जाऊन ओकलो. क्रीम जड गेलं असावं.

पंधरा तारखेच्या पानावर 'काय पाहिलं' पुढे अजून जागा कोरीच आहे. कर्टिसने वही मागितली नाही. मागेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ऑरिन ब्रेक्के आज पेटीपाशी थांबला होता. वीस वर्षं त्याची पत्रं टाकतोय. बायको वारली तेव्हा सांत्वनाची कार्डं मी दोन गठ्ठ्यांत बांधून दारापर्यंत नेऊन दिली होती. एरवी आमचं बोलणं हवेपलीकडे जात नाही. मी गाडी थांबवली आणि मनाची तयारी केली. म्हटलं, हा आता कॉलर धरणार.

त्याने टोपी काढली. वाऱ्यात केस उडत होते.

"लायल, भांडायला आलो नाही. पोराला काही आठवत नाही. शनिवारी सकाळची न्याहारी आठवते, मग एकदम हॉस्पिटलचं छत. सामना अख्खा गेलाय डोक्यातून. सहा वर्षांचा होता तेव्हापासून खेळतोय, आणि शेवटी काय केलं तेच त्याला माहीत नाही. रोज विचारतो, 'बाबा, मी आत होतो का?' मी बसलो होतो पार वर, मला काय दिसणार? व्हिडिओत काही नाही. तो म्हणतो, लाइन जज रेषेवर होते, त्यांना विचारा. ते सांगतील ते मी मानेन."

"मी दिलाय ना निकाल," मी म्हणालो.

"निकाल नकोय रे. तुला काय दिसलं ते हवंय."

मी सांगितलं. माझ्या तोंडून ते इतकं सरळ बाहेर आलं की माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, चेंडू त्याने उजव्या हाताखाली घट्ट धरला होता, पोटाशी. कुठेही ढिलाई नव्हती. डावा गुडघा आधी टेकला. टेकला तिथे गवताचं एक ढेकूळ उडालं. चेंडू तेव्हा रेषेपासून दोन वितींवर होता. त्यानंतर त्याने अंग पुढे लोटलं, पण तोवर गुडघा टेकला होता. म्हटलं, पोरगा शेवटपर्यंत पाय मारत होता, ऑरिन. त्याच्याकडून काही कमी पडलं नाही.

ऑरिन ऐकत होता. प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. मग त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला, खिडकीतून.

"डावा गुडघा," तो म्हणाला. "सांगतो त्याला. बरं झालं बाबा. बरं झालं कुणीतरी होतं तिथे."

पुढच्या साठ पेट्या कशा केल्या आठवत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रवचनभर डोळे मिटून तो क्षण आणायचा प्रयत्न केला. हेल्मेटं दिसतात. समोरच्या खांबाजवळचा कॅमेरावाला दिसतो, त्याचा लाल हातमोजासुद्धा. पांढरी रेषा दिसते. रेषेच्या डावीकडे गवत दिसतं, हिरवंगार, स्वच्छ. मग ढीग. टोबिन ब्रेक्के येतच नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. आम्ही दोघंच, मुलगी यंदा सासरी. टर्की छान झाली होती. मी म्हटलं, ग्रेव्ही कुठाय?  आर्डिसने विचित्रच केलं. ग्रेव्हीचं भांडं कुठूनसं उचलून माझ्या ताटाच्या उजवीकडे ठेवलं आणि मग हळूहळू, टेबलावरून सरकवत, माझ्यासमोरून डावीकडे नेलं.

"आता कुठाय?" तिने विचारलं.

"काय चाललंय तुझं? दे इकडे."

"लायल, मी ते तुझ्या हाताशी ठेवलंय."

मी मान वळवली आणि होतं खरं. म्हटलं, तू झटकन ठेवलंस. तिचे डोळे भरून आले. सणासुदीला मुलगी नाही म्हणून असेल. मी तिला म्हटलं, नाताळला बोलावू.

सोमवार, १ डिसेंबर

आज कुणाच्या तरी ट्रेलरने माझ्या गाडीचा डावा आरसा उडवला. ट्रेलर उभा होता आणि मी चालवत होतो असं पोलिसांचं म्हणणं. ट्रेलर भर रस्त्यात लावणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

आर्डिसने मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी म्हटलं, ऑगस्टमध्येच तर पंचांची तपासणी झाली. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली होती. म्हणाली, "हो का? मग उद्या पुन्हा वाच." गाडीची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात आहे. शनिवारी ओहायो आणि घरात हे.

मंगळवार, २ डिसेंबर

सगळं नीट लिहायला हवं.

डॉक्टर आमदाल बाई तिशीच्या आहेत. तक्ता मी आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि आर्डिसकडे असं बघितलं की झालं समाधान? मग बाईंनी मला एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायला लावली. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं काम. लाइन जजचंच काम. मी पटापट दाबत होतो. मधेमधे बराच वेळ दिवा लागतच नव्हता, मला वाटलं यंत्र बिघडलंय.

कागद बाहेर आला. वर्तुळाचा खालचा डावा चतकोर काळाकुट्ट.

"इथे आम्ही एकतीस दिवे लावले," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकदाही दाबलं नाहीत. डोळे उत्तम आहेत तुमचे. दोष मागे आहे, मेंदूत. रक्ताची लहानशी गुठळी अडकून गेली असावी. उन्हाळ्यात कधी डोकं खूप दुखलं होतं?"

ऑगस्टमध्ये दुखलं होतं. सरावाच्या दिवशी. ऊन लागलं म्हणून बर्फ लावून पडलो होतो.

"पण मला तर कुठे काळं दिसत नाही," मी म्हणालो. "भोक पडलंय तर दिसायला नको?"

"मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, मिस्टर हावरकँप. आजूबाजूला जे असेल त्यानेच भरून काढतो. भिंत असेल तर भिंत."

"गवत असेल तर?"

"तर गवत."

बाई पुढे शहरातल्या तपासण्या, गोळ्या, गाडी चालवणं बंद, असं बरंच बोलल्या. ते आर्डिसने ऐकलं. मी मैदानावर होतो. माझी नजर वर हेल्मेटांवर होती. तो डावीकडून, खालून आला. माझ्या डोळ्यांसमोर कुणी रेषेपर्यंत आलंच नाही, म्हणून मी 'आला नाही' असं म्हटलं. तेही छाती काढून, दोन्ही हातांची खूण करून. नव्या पोरांना दाखवण्याइतकी ठाम.

आणि ड्वेनला मी काय काय बोललो.

बुधवार, ३ डिसेंबर

कर्टिसला फोन केला. आधी डोळ्याचं सांगितलं. तो हळहळला, म्हणाला गॅरिटीला मी कळवतो, ओहायोचं मनाला लावून घेऊ नकोस. मग मी म्हणालो, "कर्टिस, हाल्वर्सनचं मी पाहिलं नव्हतं."

कर्टिसने लगेच गॅरिटीचा शेरा पुढे केला.

"'योग्य' शेरा मिळालाय त्याला."

"शेरा मिळालाय. मी पाहिलं नव्हतं."

"हे बघ लायल. कदाचित तो अलीकडेच पडला असेल. अर्ध्या वेळा तसंच होतं. लागला असेल नेम."

"आणि पोराच्या बापाला मी सांगितलंय. गुडघा, गवत, सगळं. रचून सांगितलंय."

"हे कशाला केलंस रे?" कर्टिस म्हणाला. चाळीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस, आवाज कधी चढत नाही. आज चढला नाही, उतरला. "आता मोडायला जाऊ नकोस. तो पोरगा झोपतोय ना? त्याला झोपू दे. तुझं मन हलकं करायला त्याची मान पुन्हा मोडू नकोस."

दिवसभर त्याचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. संध्याकाळी आर्डिस भांडी पुसताना म्हणाली, "तो म्हणाला होता ना, ते सांगतील ते मी मानेन? मग तू त्याला काय मानायला देतोयस?" मी चिडून खोलीत गेलो. मला तिची भीती वाटते कधी कधी.

शनिवार, ६ डिसेंबर

आज ओहायोत सामना होता. आर्डिसने मला ब्रेक्क्यांकडे नेलं आणि गाडीतच थांबली. म्हणाली, हे तुझं तू कर.

ऑरिनने कॉफी ओतली. टोबिन खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत होता. डोक्याभोवती कडं, कपाळात स्क्रू, खांद्यांवर लोखंडी दांडे. एवढा दांडगा पोरगा, पण कुणी हाक मारली तर अख्ख्या धडासकट वळत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. हे मला सोसेना.

"सर, बरं झालं आलात. तुम्हाला सांगायचंच होतं. मला आठवलं."

"काय आठवलं?"

"सगळं. बाबांनी तुमचं सांगितलं त्याच्या दोन दिवसांनी. बाबा अंग पुसत होते आणि एकदम आलं. डावा गुडघा. टेकला तेव्हाच कळलं होतं मला की गेलं. गवताचं ढेकूळ उडालं ना, ते माझ्या हेल्मेटच्या जाळीतून आत आलं. तोंडात माती."

मी कप खाली ठेवला. सगळं बळ एकवटून म्हणालो, "टोबिन, ऐक. मी पाहिलं नव्हतं."

आणि सांगितलं. घुमट, दिवे, काळा चतकोर. म्हणालो, तू आलास तेव्हा मला फक्त गवत दिसत होतं. तू आत असशील, नसशील, मला ठाऊक नाही. ते ढेकूळ मी मनाने घातलं. ऑरिन सिंकपाशी पाठमोरा उभा होता, त्याचे हात पाण्यातच थांबले.

टोबिन जपून हसला, दांडे हलू नयेत म्हणून.

"नाही सर. दातांत होतं ते माझ्या."

"बाळा, मी रचून सांगितलं."

"सर, तुम्हाला डोळ्यांचा त्रास आहे, वाईट वाटतं मला. पण त्या वेळी तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी बघितलंय तुम्हाला. लोक बाजूला झाले आणि तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात, एक गुडघा टेकून. माझ्या छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, 'हलू नकोस पोरा, मी आहे इथे.' मला हातपाय जाणवत नव्हते तेव्हा. वाटलं होतं, मेलो. तुमच्या त्या एका वाक्यावर मी थांबलो. मग कसं म्हणता पाहिलं नाही?"

 मी तसं काही केलं नव्हतं. त्याच्यापासून दोन हातांवर, पाऊल रोवून, गुणफलक वाचत होतो. हेही सांगायलाच आलो होतो की काय कोण जाणे, पण त्याच्या डोळ्यांकडे बघून मी कप उचलला आणि उरलेली कॉफी संपवली. एक खोटं काढायला गेलो आणि दुसरं तिथे ठेवून आलो.

ऑरिन अंगणापर्यंत आला. आर्डिस गाडीत समोर बघत बसली होती.

"त्याचं राहू दे," ऑरिन म्हणाला. "मला सांग. आत होता का?"

"माहीत नाही, ऑरिन."

"मग कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

त्याने हात पँटला पुसले, कोरडे असूनही. "तू सांगितलंस तेव्हापासून मला झोप लागत होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता पत्रं कोण आणणार?"

"ड्वेन."

"त्याला सांग, पेटीचं दार नीट लागत नाही. जोरात दाबावं लागतं."

सोमवार, ८ डिसेंबर

ड्वेनची माफी मागितली. तो म्हणाला, सोड रे, मला आधीच शंका होती. कुणाकुणाला होती कोण जाणे.

दुपारी नुसता बसलो होतो. बर्फ पडत होतं. कुठलाही विचार नव्हता डोक्यात, आणि ते आलं. मी खाली वाकतोय. गुडघ्याला गार चिखल लागतोय. माझा हात बावीस नंबरच्या जर्सीवर आहे, आणि खालची छाती पाखरासारखी धडधडते आहे. पोरगा वर बघतोय. मी म्हणतोय, हलू नकोस.

हे इतकं स्वच्छ दिसलं की मी हंबरडा फोडून रडलो. आर्डिस धावत आली. तिला वाटलं दुसरी गुठळी. मला कसं सांगू तिला की मला बरं वाटत होतं, गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि त्याचंच भय वाटलं.

मी खाली बसलो नाही. मी त्याला हात लावला नाही. मी एक शब्द बोललो नाही. अकरा मिनिटं उभा होतो. हे आज इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी मला ते आठवेल याची खात्री नाही.